दातारबाईंनी वाचलेले दोन शेवट

दातारबाई स्टुडिओत आल्या की आधी हातातल्या बांगड्या काढत, मग घड्याळ, मग मंगळसूत्र. सगळं खाऱ्या बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात ठेवून तो डबा माझ्या टेबलावर सरकवत आणि म्हणत, "सांभाळ गं. जाताना दे." पहिल्या दिवशी त्यांनी गळ्याकडे हात नेला तेव्हा स्टुडिओचा मालक शिरीष जरा गडबडला. "बाई, ते राहू दे की," तो म्हणाला.

"वाजतं," बाई म्हणाल्या, आणि काचेपलीकडे जाऊन माइकसमोर बसल्या.

मी त्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. मूळची यवतमाळची, पुण्यात येऊन तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. पुस्तकं मोठ्याने वाचून घ्यायची, चुका काढायच्या, मधले ऐकू येणारे श्वास कापायचे आणि ऐकायची पुस्तकं तयार करायची, हे माझं काम. बाहेरून येणारे बरेच लोक मला बघून "रेकॉर्डिस्ट कधी येणार?" असं विचारायचे, आणि कधी कधी वर चहाही सांगायचे. दातारबाईंनी पहिल्या दिवशी माझ्यापुढचे खटके आणि स्क्रीन नीट पाहिले. "हे सगळं तूच बघतेस ना? मग मी चुकले की तूच सांगायचं. शिरीषना संकोच वाटतो," त्या म्हणाल्या.

शिरीषला खरंच संकोच वाटायचा. बाई तेव्हा सासष्ट वर्षांच्या. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, सडसडीत. नेसायच्या सुती साड्याच, कारण बाकीच्या साड्या माइकमध्ये सळसळतात हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं. वाचायला बसण्याआधी एक केळं खात. पोट गुरगुरलं तर ते नायिकेच्या तोंडी जातं, असं त्यांचं म्हणणं. सोबत गरम पाण्याचा थर्मास आणि टोक केलेली पेन्सिल. संहितेत कुठे श्वास घ्यायचा ते त्या आदल्या दिवशीच घरी खुणा करून आणत.

आमचा स्टुडिओ कसब्यात, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. खाली दिवसभर हातोड्यांचे ठोके. शिरीषने भिंतींना काय काय चिकटवलं, दारं बदलली, तरी ठोके वर यायचेच. चौथ्या दिवशी बाई जिना उतरून खाली गेल्या आणि दहा मिनिटांनी वर आल्या. "एक वाजता जेवायला उठतात. मग पडतात. पावणेचारला पुन्हा सुरू. आपण एक ते साडेतीन बसायचं," त्या म्हणाल्या. शिरीषला दोन वर्षांत जे सुचलं नव्हतं ते झालं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आधी माणूस कळू दे, मग आवाज काढते." पुरुषांचे संवाद वाचताना बहुतेक बायका घसा खरखरीत करतात. बाई तसं करत नसत. "पुरुष म्हणजे खोकला नव्हे," त्या म्हणत. फक्त वाक्याचा वेग बदलत, आणि ऐकणाऱ्याला पुरुष दिसायचा. बायकांच्या बाबतीत मात्र त्या फारच काटेकोर होत्या. एका नावाजलेल्या लेखकाची कादंबरी आमच्याकडे आली होती. नायिका पानोपानी लाजायची. लेखक स्वतः ऐकायला आले. थोडं ऐकल्यावर मला म्हणाले, "त्यांना सांगा, आवाज जरा नाजूक हवा. मुग्ध."

मी बटण दाबून निरोप सांगितला. बाईंनी चष्मा वर केला.

"ही एम. ए. झालेली आहे ना? नवव्या पानावर आपणच लिहिलंय."

"हो."

"मग नवऱ्याशी बोलताना हिचा श्वास का संपतो?"

लेखक ओठांपुरतं हसले. बाईंनी त्यांना हवं होतं तसं एक पान वाचून दाखवलं, मग आपल्या पद्धतीने तेच पान वाचलं. लेखकांनी ते पान समोर धरून ऐकलं. जाताना जिन्यापाशी थांबून म्हणाले, "मी ही इतकी हुशार लिहिली होती, हे माझ्या लक्षात नव्हतं."

"लिहिली होतीत," बाई म्हणाल्या. "मध्ये मध्ये विसरलात."

रोज साडेतीनला खाली स्कूटरचा हॉर्न एकदाच वाजायचा. श्रीकांत दातार, बाईंचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले. पत्नीला सोडायला आणि न्यायला ते रोज यायचे. वर कधी आले नाहीत. भांड्यांच्या दुकानापाशी स्कूटर लावून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "काकांना वर बोलवा ना, चहा घेतील." बाई बांगड्या चढवत होत्या. "त्यांना तिथे बरं वाटतं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षी प्राजक्ता आली.

मुंबईच्या एका कंपनीने आमच्याकडे थेट ऐकण्यासाठीच लिहिलेली एक कादंबरी पाठवली होती. छापील पुस्तक नव्हतंच. लेखिका सव्वीस वर्षांची, पुण्याजवळच्या मांजरी गावची. घरचा ऊस, त्यातला काही भाग आता इमारतींखाली गेलेला. ती स्वतः एका आयटी कंपनीत कामाला होती आणि वर्षभरापूर्वी ठरलेलं लग्न मोडून कोथरूडला दोन मैत्रिणींबरोबर राहत होती. हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, जणू ओळखपत्रच दाखवावं तसं. कंपनीला तरुण आवाज हवा होता. प्राजक्ताने पाच आवाज ऐकले आणि दातारबाईंवर बोट ठेवलं.

"अगं, तुझी रेवा सव्वीस वर्षांची आहे," शिरीष म्हणाला.

"हो. पण बाकीच्या सगळ्या जणी तिला लहान मुलगी करून टाकतायत," प्राजक्ता म्हणाली.

रेवा म्हणजे तिच्या कादंबरीतली मुलगी. तिचं लग्न ठरतं. मुलगा वाईट नाही. दारू पीत नाही, आवाज चढवत नाही, तिचे वाढदिवस लक्षात ठेवतो. फक्त तो सगळं ठरवून मग तिला सांगतो. घर कुठे घ्यायचं, तिने नोकरी कधी बदलायची, तिचे केस किती लांब बरे दिसतात. रेवाला राग येत नाही, कारण रागवायला काही सापडतच नाही. एक दिवस हॉटेलात वेटर विचारतो, "मॅडम, तुम्हाला काय?" आणि तिच्या लक्षात येतं की आपल्याला काय हवंय हे आपल्याला खरंच माहीत नाही. तिथून कादंबरी सुरू होते. बाई पहिला भाग वाचून काचेबाहेर आल्या आणि प्राजक्ताला म्हणाल्या, "तो वेटर चांगला आणलास." बाईंकडून एवढं कौतुक मी आधी ऐकलं नव्हतं.

प्राजक्ता रोज सुट्टी टाकून किंवा घरून काम करते असं सांगून माझ्या शेजारी येऊन बसायची. स्वतःची वाक्यं बाईंच्या आवाजात ऐकून ती अनेकदा थांबवायची. "हे खोटं वाटतंय, नाही का?" ती विचारायची. मी काही म्हणायच्या आत आतून बाई म्हणायच्या, "खोटं नाही. दुसऱ्याचं आहे. कुठे तरी वाचलेलं. तुझं काय आहे ते सांग." मग प्राजक्ता तिथेच फोनवर वाक्य बदलायची आणि बाई पेन्सिलने ते उतरवून घ्यायच्या. अशी निम्मी कादंबरी आमच्या डोळ्यांसमोर पुन्हा लिहिली गेली.

भानगड शेवटापाशी झाली. प्राजक्ताने लिहिलेल्या शेवटात रेवा लग्न मोडते, एक खोली घेते, आणि पुढे काय हे तिला माहीत नसतं. कंपनीला ते चालेना. मुंबईहून फोन आला, शिरीषने तो सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला. तिकडच्या बाई नम्रपणे सांगत होत्या, "आपल्या ऐकणाऱ्या बायका स्वयंपाक करताना ऐकतात. शेवटी त्यांना बरं वाटलं पाहिजे. तो मुलगा सुधारतो, ती परत येते, असं करू या ना."

"मी चाळीस वर्षं स्वयंपाक करताना ऐकत आलेय," दातारबाई माझ्याजवळ हळू म्हणाल्या. "मला काय बरं वाटतं ते कोणी विचारल्याचं आठवत नाही."

प्राजक्ताने आठ दिवसांत दुसरा शेवट लिहून आणला. पहिलंच लेखन, कराराचा कागद, शिरीषचा आग्रह. शिवाय आई तिच्याशी लग्न मोडल्यापासून बोलत नव्हती. ती मला म्हणाली, "निदान रेवा तरी घरी जाऊ दे. एकीशी तरी घरचे बोलतील."

बाईंनी कागद घेतले आणि दुसऱ्या दिवशी वाचायला बसल्या. चार पानं सुरळीत गेली. पाचव्या पानावर रेवा त्या मुलाला म्हणते, "तू जे केलंस ते माझ्या भल्यासाठीच होतं." त्या वाक्यावर बाई अडखळल्या. पुन्हा घेतलं. पुन्हा अडखळल्या. मी माइक तपासला, पाणी प्या म्हटलं. आठवा, नववा टेक. बाईंचा आवाज इतर सगळ्या वाक्यांवर स्वच्छ, आणि त्या एका वाक्यावर जणू कोणी आतून दार लावून घेतल्यासारखा. शेवटी त्यांनी हेडफोन काढले आणि बाहेर आल्या. शिरीष जेवायला गेला होता. आम्ही तिघीच होतो.

खुर्चीत बसून त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं, पाणी ओतलं, आणि प्यायला विसरल्या.

"मी चोवीस वर्षांची असताना रेडिओवर आवाजाची परीक्षा दिली होती," त्या म्हणाल्या. "निवेदिकेच्या जागेसाठी. चांगली झाली होती. उत्तर आलं नाही. मला वाटलं, नापास झाले. शाळेत लागले. दीड वर्षापूर्वी आमची इमारत पाडायची ठरली, सामान आवरताना ह्यांच्या विम्याच्या कागदांत ते पत्र सापडलं. निवड झाल्याचं. अमुक तारखेला हजर व्हा म्हणून."

प्राजक्ता म्हणाली, "काकांनी लपवलं?"

"मी विचारलं त्यांना. खोटं बोलले नाहीत. म्हणाले, आपला मिलिंद पोटात होता, संध्याकाळची ड्यूटी, बाबांना चाललं नसतं, मी ठरवलं. मी म्हटलं, बरं, ठरवलंत. मला सांगितलं का नाहीत? तर म्हणाले, तू गेली असतीस."

खालचे ठोके बंद होते.

"टाकून दिलं असतं तर मला कधी कळलं नसतं," बाई म्हणाल्या. "ठेवलं. बेचाळीस वर्षं. का ठेवलं ते अजून मला नीट सांगता आलेलं नाही, आणि त्यांनाही. त्याच महिन्यात मी इथे शिरीषना फोन केला. तेव्हापासून ते मला सोडायला येतात. मी सांगितलं नव्हतं."

प्राजक्ताचं वय असं की मनात आलेलं थांबत नाही. "मग तुम्ही त्यांना सोडलं का नाहीत?"

मला वाटलं, बाई आता काहीतरी कडू बोलतील. त्या बोलल्या नाहीत. "सोडायचं म्हणजे कुठे तरी जायचं असतं बाळा. मला जिथे जायचं होतं तिथे मी रोज एक वाजता येते. रागावले होते. दीड महिना बोलले नाही. पण राग धरून ठेवला की घसा बसतो, आणि घसा आता मला लागतो." मग त्या पाणी प्यायल्या. "एक लक्षात ठेव. माझ्यावरून तुझ्या रेवाचा शेवट ठरवू नकोस. मी परत गेले, असं नाही. मी कधी गेलेच नव्हते. ती गेलीय. तिला परत आणायची तर आण, नाही तर नको. पण तिच्या तोंडी हे वाक्य घालशील तर ते तिचं असलं पाहिजे."

"तुम्ही सांगा ना, कुठला शेवट चांगला."

"मी वाचणारी आहे. दोन्ही वाचते. तू ऐक."

आणि त्यांनी खरंच दोन्ही वाचले. आधी परत येण्याचा. ते वाक्यही या वेळी त्यांनी एका दमात वाचलं, कसलाही उपरोध न आणता, मनापासून, जणू रेवाला ते पटलेलंच आहे. मला वाटतं, त्यांचा खरा मोठेपणा तिथे होता. कुणालाही वाटलं असतं की नावडता शेवट जरा पडेल वाचावा. त्यांनी तो इतका चांगला वाचला की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी खोलीचा शेवट सुरू केला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. साडेतीन होऊन गेले होते, हॉर्न आम्हाला ऐकू आला नव्हता, आणि बाईंचा फोन बंद. दातारकाका टोपी हातात घेऊन दारात उभे. मी त्यांना खुणेनेच बसवलं आणि काय वाटलं कोणास ठाऊक, माझे दुसरे हेडफोन त्यांच्या कानाला लावले. ते आखडून बसले होते. काचेपलीकडे त्यांची बायको वाचत होती. रेवा नव्या खोलीत सामान लावते, एक खुर्ची खिडकीपाशी ठेवते, मग ती उचलून भिंतीपाशी नेते, मग पुन्हा खिडकीपाशी आणते, आणि तिला हसू येतं, कारण कुठे ठेवायची हे विचारायला कोणीच नाही. काका शेवटपर्यंत हलले नाहीत.

बाईंनी पान बाजूला ठेवलं आणि मान वर केली तेव्हा त्यांना ते दिसले. काका मला म्हणाले, "हिचा आवाज घरी असा नसतो."

आत आवाज पोचवणारं बटण चालूच होतं. आतून बाई म्हणाल्या, "घरी असा लागत नाही."

काकांनी हेडफोन काढून काळजीपूर्वक टेबलावर ठेवले. मग मला विचारलं, "तुझं गाव यवतमाळ ना? हे तिथेही ऐकू जाईल?"

"जाईल की, काका. कुठेही."

"तेव्हाही गेलं असतं," ते म्हणाले. बाई बाहेर आल्या, डबा उघडून बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र घातलं. थर्मास काकांनी उचलला. दोघं जिना उतरून गेली.

प्राजक्ताने त्याच संध्याकाळी मुंबईला कळवलं की शेवट खोलीचाच राहील. कंपनीने ते काम बंद केलं. शिरीष चिडला. "बाई, आपलं काम वाचायचं," तो म्हणाला. "वाचलं की. दोन वेळा," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांना त्या कंपनीचं काम आलं नाही, शिरीषकडूनही कमी कमी होत गेलं, आणि एका उन्हाळ्यानंतर त्यांचं येणं थांबलं. त्यांनी तक्रार केल्याचं मला कधी ऐकू आलं नाही. रेकॉर्डिंग कुठेच प्रसिद्ध झालं नाही. प्राजक्ताने मात्र कादंबरी एका लहान प्रकाशकाकडे दिली आणि ती छापून आली. अर्पणपत्रिका नव्हती. तिने मला एक प्रत आणून दिली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "बाई म्हणाल्या, माझं नाव घातलंस तर लोक रेवाला माझी गोष्ट समजतील. तिला मोकळं सोड."

मांजरीत पुस्तकावरून बरंच झालं. लोकांनी रेवाच्या आईत प्राजक्ताची आई शोधली. तिची आई म्हणाली, ते पुस्तक मी हातात धरणार नाही, आणि आधीच बंद असलेलं बोलणं आणखी बंद झालं.

मीही पुढे तो स्टुडिओ सोडला. दातारबाईंशी सणावारी फोन व्हायचा, तेवढंच. गेल्या डिसेंबरात मनपाच्या बसस्टॉपवर त्या एकदम समोर दिसल्या. अंगावर शाल, खांद्याला पिशवी, रांगेत तिसऱ्या. आता एकोणसत्तरच्या. जरा वाकल्या होत्या.

"कुठे निघालात, बाई?"

"मांजरीला. बुधवारी जाते मी."

मला काही कळेना. त्या म्हणाल्या, "प्राजक्ताच्या आईकडे. ती म्हणाली ना, पुस्तक हातात धरणार नाही. मी म्हटलं, धरू नका. मी धरते."

"आणि त्या ऐकतात?"

"पहिल्या बुधवारी आत स्वयंपाकघरात होती. मी ओसरीवर बसून वाचत होते, कोणासाठी देव जाणे. दुसऱ्या बुधवारी दारात आली. आता मटार सोलत समोर बसते. मध्ये मध्ये भांडते. 'म्या असं कधी बोलले हाय का?' म्हणते. मी म्हणते, तुम्ही नाही, रेवाची आई बोलली. मग म्हणते, 'ती बी काय चुकीचं नाय बोलली.' मी पुढे वाचते."

"काका येतात सोडायला?"

"त्यांना आता स्कूटर झेपत नाही. बुधवारी जेवण तेच करतात. मीठ राहतं." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "मागच्या बुधवारी शेवटच्या प्रकरणापाशी आलो. मी पान उलटलं, तर तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, 'आता र्‍हाऊ द्या. ह्याच्या म्होरलं पोरीकडनंच ऐकते. तिला म्हणावं, ये.'"

"मग? प्राजक्ताला सांगितलंत?"

"सांगितलं. येते म्हणाली. पण आधी मी जाऊन बसावं म्हणते, म्हणून निघालेय."

बस आली. बाईंनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवताना क्षणभर अडल्या. मागून कोणी तरी हात द्यायला पुढे झालं, त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि चढल्या. खिडकीपाशी जागा मिळाली. बसल्या, शाल सावरली, पिशवी मांडीवर घेतली. मग हाताकडे बघितलं आणि बांगड्या एक एक करून काढून पिशवीत टाकायला लागल्या.